फिल्टरच्या कडेने जाणारी वाट

१. सगळ्या बँडना एकच फिल्टर का चालत नाही?

हॅम रेडिओचा परवाना हातात पडला, घरी जुळवलेला पहिला ट्रान्समीटर चाळीस मीटर बँडवर बोलू लागला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. हाच संच वीस आणि पंधरा मीटरवरही चालवायचा, तर दर बँडला वेगळा फिल्टर कशासाठी? सगळ्यांना पुरेल असा एकच उत्तम फिल्टर का करत नाहीत? प्रश्न रास्त आहे, कारण दर फिल्टरमागे कॉइल गुंडाळण्याची मेहनत आहे आणि फिल्टर बदलायला स्विचही लागतो. उत्तर ट्रान्समीटरच्या स्वभावात आहे. शेवटच्या टप्प्यातला पॉवर ट्रान्झिस्टर ७.१ मेगाहर्ट्झचा सिग्नल मोठा करताना त्याचा आकार थोडा बिघडवतो. आकार बिघडला की त्या सिग्नलात मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारताही मिसळतात. यांना हार्मोनिक म्हणतात. ७.१ ची दुप्पट १४.२ आणि तिप्पट २१.३. भारतात हॅमना ७.० ते ७.२, १४.० ते १४.३५ आणि २१.० ते २१.४५ मेगाहर्ट्झ हे पट्टे दिलेले आहेत. म्हणजे चाळीस मीटरवर अस्वच्छ ट्रान्समीटर लावणारा माणूस वीस आणि पंधरा मीटरवर बोलणाऱ्या आपल्याच मंडळींना त्रास देतो, तोही नकळत.

हे थांबवायला ट्रान्समीटर आणि ॲन्टेना यांच्यामध्ये लो-पास फिल्टर बसवतात. एका मर्यादेपर्यंतच्या वारंवारता तो जाऊ देतो, त्यावरच्या अडवतो. आता पेच लक्षात येईल. चाळीस मीटरच्या फिल्टरने १४.२ मेगाहर्ट्झ अडवायला हवा आणि वीस मीटरच्या फिल्टरने तोच १४.२ विनातक्रार सोडायला हवा. एका फिल्टरला ही दोन्ही कामे करता येणार नाहीत, मग तो कितीही महागडा असो. यातून एक साधा नियम निघतो: एक लो-पास फिल्टर दुपटीच्या आतल्या बँडांना पुरतो, दुपटीला नवा लागतो. १०.१ आणि १४.२ एका फिल्टरमध्ये बसतात, कारण १०.१ ची दुप्पट २०.२ आहे आणि ती १४.३५ च्या बरीच वर पडते. २१ आणि २८ सुद्धा एकत्र बसतात. पण ३.५ पासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळे हवे असेल, तर ३.५, ७, १४, २८ अशा दुपटी मोजा. चारपेक्षा कमी फिल्टरमध्ये हे काम होत नाही. चार फिल्टर आले म्हणजे त्यांतला एक निवडणारी व्यवस्था आली, आणि घरगुती बांधणीतली खरी परीक्षा तिथेच सुरू होते.

फिल्टरच्या पुस्तकांत पाने खर्ची पडतात ती कॉइल आणि कपॅसिटरच्या हिशेबावर. पण घरी केलेला फिल्टरसंच फसतो तो बहुधा त्या हिशेबामुळे नव्हे. चाळणी कितीही बारीक असली तरी पीठ तिच्या कडेवरून सांडले तर कोंडा खाली येणारच. बदलता येणाऱ्या फिल्टरची कडा म्हणजे त्याचा स्विच. सिग्नल फिल्टरमधून जाण्याऐवजी स्विचमधून, तारांमधून, जमिनीच्या जोडणीतून बाजूने निसटतो. म्हणून अशा संचात पहिला विचार स्विचचा आणि मांडणीचा करावा आणि फिल्टरचा हिशेब त्यानंतर, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे. ते मोजमापांवर कितपत टिकते ते पाहू.

२. किती अडवले म्हणजे पुरे?

मोजायला माप हवे, आणि इथले माप डेसिबल आहे. डेसिबल हे गुणोत्तर सांगते. १० डेसिबल खाली म्हणजे शक्ती दहापट कमी, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट. ३ डेसिबल म्हणजे साधारण निम्मी. एवढे पाठ असले की बहुतेक हिशेब तोंडी होतात. अमेरिकेतल्या नियमांनुसार २००३ पासून बसवलेल्या शॉर्टवेव्ह हॅम ट्रान्समीटरचे नको असलेले उत्सर्जन मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डेसिबल खाली असावे लागते. ४० डेसिबल म्हणजे दहा हजारपट आणि वरचे ३ म्हणजे आणखी दुप्पट, मिळून वीस हजारपट कमी. दहा वॉटच्या ट्रान्समीटरचे हार्मोनिक अर्ध्या मिलिवॉटच्या वर जाऊ नये, असा त्याचा अर्थ.

अर्धा मिलिवॉट ऐकून कुणी हसेल. पण मिलिवॉटमध्ये दूरवर संदेश पोचवणे हा काही हॅमचा खास छंद आहे आणि अनुकूल परिस्थितीत तो साधतोही. तेव्हा ही मर्यादा कडक वाटली तरी अवाजवी नाही. फिल्टर नसताना दुसरे हार्मोनिक मूळ सिग्नलपेक्षा जेमतेम १५-२० डेसिबल खाली असू शकते. जोडीने काम करणारे दोन ट्रान्झिस्टर असतील तर दुसरे बरेच कमी होते, पण जोर लावून चालवल्यास तिसरे १० ते १५ डेसिबल इतकेच खाली राहते. उरलेली तफावत फिल्टरने भरून काढायची. तिसऱ्या हार्मोनिकसाठी ती २८ ते ३३ डेसिबल आहे, म्हणून फिल्टरकडून निदान ३३ हवेत. हा आकडा ध्यानात असू द्या, पुढे तो लागेल.

३. एक फिल्टर गुंडाळून पाहू

चाळीस मीटरचा लो-पास फिल्टर घेऊ. त्यात सात भाग असतात: सिग्नलच्या वाटेवर एकापाठोपाठ तीन कॉइल, आणि त्यांच्या आगेमागे व मधे जमिनीला जोडलेले चार कपॅसिटर. वारंवारता वाढली की कॉइलचा विरोध वाढतो आणि कपॅसिटरचा घटतो. त्यामुळे वरच्या वारंवारतांना पुढची वाट अवघड होते आणि जमिनीत उतरायची वाट सोपी. दर भागागणिक हा परिणाम साचत जातो.

किमती कुठून आणायच्या? अमेरिकन हॅम एड वेदरहोल्ड यांनी, म्हणजे डब्ल्यू३एनक्यूएन यांनी, बाजारात सहज मिळणाऱ्या कपॅसिटरच्या किमती धरून असे फिल्टर आखले आणि ते कमी शक्तीच्या ट्रान्समीटरवाल्यांमध्ये जगभर रूढ झाले. चाळीस मीटरसाठी त्यांची आखणी अशी आहे: टोकांना २७० पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर, मधे ६८० चे दोन, कडेच्या कॉइल सुमारे १.४ मायक्रोहेन्रीच्या आणि मधली १.७ ची. कॉइल गुंडाळायच्या त्या टी३७-६ या पिवळ्या कड्यावर. लोहभुकटीच्या या कड्याचा, म्हणजे टोरॉइडचा, बाहेरचा व्यास ०.३७ इंच असतो. त्यावर शंभर वेढे घातले तर ३० मायक्रोहेन्री मिळतात. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हवी ती किंमत ३० ने भागायची, वर्गमूळ काढायचे आणि शंभराने गुणायचे. १.७ भागिले ३० म्हणजे ०.०५६७. त्याचे वर्गमूळ ०.२३८, म्हणजे २४ वेढे. १.४ साठी हाच हिशेब केला तर साडेएकवीस येतात. अर्धा वेढा टोरॉइडवर घालता येत नाही, म्हणून २१ घालायचे. तार कड्याच्या भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे धरायचे, ती बाहेरून किती वळली हे मोजायचे नाही. नवशिक्यांची एका वेढ्याची चूक हमखास इथेच होते.

कपॅसिटर मात्र कसलेही चालत नाहीत. तापमानाने ढळणारे स्वस्त सिरॅमिक इथे वापरू नयेत. एनपी० किंवा सी०जी नावाने मिळणारे सिरॅमिक, चांदी-अभ्रकाचे किंवा पॉलिस्टायरिनचे घ्यावेत. दहा वॉट शक्तीला ५० ओमच्या वाटेवर सुमारे ३२ व्होल्टचे शिखर येते, आणि ॲन्टेना जुळलेली नसली तर ते दुपटीपर्यंत चढू शकते. म्हणून कपॅसिटर १०० व्होल्टच्या खालचा नसावा. एवढी काळजी घेतली की फिल्टर जवळपास आपोआप बरोबर येतो. दोनचार टक्क्यांची चूक तो पोटात घालतो. अशा सात भागांच्या फिल्टरकडून दुसऱ्या हार्मोनिकवर सुमारे ४० डेसिबल आणि तिसऱ्यावर ६० च्याही पुढे अडवणूक मिळते. निदान कागदावर तरी.

४. एका पिकोफॅरडचा हिशेब

आता हाच फिल्टर रिलेने निवडायचा आहे असे समजू. रिले म्हणजे विजेने हलणारा स्विच. छोट्या कॉइलला १२ व्होल्ट दिले की आतली पट्टी एका संपर्कावरून दुसऱ्यावर जाते. संपर्क उघडा असला म्हणजे तारेची वाट तुटलेली असते, पण हवेच्या फटीच्या दोन बाजूंना धातू आहेच. मधे फट असलेले दोन धातू म्हणजे कपॅसिटर, भले तो एका पिकोफॅरडच्या आसपासचा का असेना. घरातल्या विजेसाठी हा आकडा शून्यासमान आहे. १४.२ मेगाहर्ट्झला मात्र एक पिकोफॅरडचा विरोध सुमारे ११,२०० ओम भरतो. ५० ओमच्या दोन टोकांमध्ये, म्हणजे एकूण १०० ओमच्या वाटेत, तो ११२ पट आहे. व्होल्टेज ११२ पट कमी म्हणजे शक्ती साडेबारा हजारपट कमी, म्हणजे ४१ डेसिबल. फिल्टरची आवक आणि जावक यांच्यामध्ये नुसता एक पिकोफॅरड राहिला, तर जगातल्या कुठल्याही फिल्टरने १४.२ वर एकेचाळीसच्या पुढे जाण्याची आशा सोडावी.

एकेचाळीस काही वाईट नाही, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण एकच पिकोफॅरड कुठे राहतो? सुटसुटीतपणासाठी बहुतेक जण दोन पोलांचा, म्हणजे एकदम हलणाऱ्या दोन स्विचांचा, रिले घेतात आणि एका पोलावर फिल्टरची आवक, दुसऱ्यावर जावक जोडतात. एका रिलेत काम भागते, पैसे वाचतात, बोर्डही छोटा होतो. पण त्या एका डबीत आवक आणि जावक काही मिलिमीटरवर शेजारी बसतात. भर म्हणून बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्याही रिलेपर्यंत समांतर धावत येतात. सगळे मिळून चार पिकोफॅरड धरा. १४.२ वर अडवणूक २९ डेसिबलवर येते. २१.३ वर तर ती २५ वर घसरते, कारण वारंवारता वाढली की कपॅसिटरचा विरोध कमी होतो. फिल्टर आणि गळती उलट दिशांना चालतात, ही यातली कळीची बाब आहे. हार्मोनिक जितके वरचे तितका फिल्टर अधिक अडवतो आणि तितकीच गळती अधिक सोडते. जिथे कागदावर साठाच्या पुढचे आकडे होते तिथे पेटीत पंचवीस उरतात. मघाशी निदान ३३ हवेत असे ठरले होते. कॉइल नेमक्या गुंडाळल्या होत्या, कपॅसिटर उंची होते, तरी संच नापास.

हा नुसता कागदी हिशेब नाही. हैदराबादचे अशर फरहान, म्हणजे व्हीयू२ईएसई, यांचे बिटएक्स संच जगभरच्या हॅमनी बांधले आहेत. २०१७ साली आलेल्या त्यांच्या मायक्रोबिटएक्समध्ये शॉर्टवेव्हचे सगळे बँड होते आणि त्यासाठी रिलेने निवडले जाणारे चार लो-पास फिल्टर होते, आपल्या दुपटीच्या हिशेबाप्रमाणे नेमके चार. सुरुवातीच्या आवृत्त्या लोकांनी मोजल्या तेव्हा काही बँडवर हार्मोनिक मर्यादेबाहेर निघाली. फिल्टरच्या आखणीत खोट नव्हती. सिग्नल रिलेमधून आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटांमधून फिल्टरला वळसा घालत होता. पाचव्या आवृत्तीत रिले आणि त्यांच्या जोडण्यांची फेरमांडणी करून हे दुरुस्त केले गेले. आखणी खुली होती, म्हणून दोष उघडपणे सापडला आणि उघडपणेच निस्तरला गेला. घरगुती बांधणाऱ्याला इतका उपयुक्त धडा बंद पेटीतल्या कुठल्या महागड्या संचाकडून क्वचितच मिळतो.

५. मग स्विच करायचा कसा?

पहिला उपाय उघड आहे: आवक आणि जावक एका डबीत ठेवू नका. दर फिल्टरला दोन रिले द्या, एक आवकेला आणि एक जावकेला, आणि त्यांच्यामध्ये फिल्टरच्या लांबीएवढे अंतर ठेवा. दुसरा उपाय अनेकांना सुचत नाही, आणि त्याचे मोल पहिल्याहून कमी नाही. रिलेला विश्रांतीचा संपर्कही असतो. निवडलेला नसताना फिल्टरची दोन्ही टोके त्या संपर्कातून जमिनीला टेकवून ठेवा. मग निसटलेला सिग्नल रिकाम्या फिल्टरात शिरला तरी तिथेच जमिनीत जातो, आणि पुढे सरकायला त्याला दुसरी फट ओलांडावी लागते. एका फटीचे चाळीस आणि दुसरीचे चाळीस अशी बेरीज कागदावर ऐंशी होते. प्रत्यक्षात पन्नास-साठ मिळाले तरी समाधान मानावे, कारण तोवर तारांचे आपसातले जोड आणि जमिनीची जोडणी बोलू लागतात. म्हणून बोर्डाची एक बाजू सलग तांब्याची ठेवावी, आवक आणि जावकेच्या मधे पत्र्याचा पडदा उभा करून तो खाली सोल्डर करावा, आणि लांब अंतर कापायचे असेल तर आरजी-१७४ सारखी बारीक कोॲक्स वापरावी.

रोटरी स्विचचे काय? जुन्या संचांमध्ये तोच असे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने धुंडाळणाऱ्याला आजही त्याचा मोह होतो. तो वाईट नाही. एकाच दांड्यावरच्या दोन वेगळ्या चकत्यांपैकी एक आवकेला आणि दुसरी जावकेला दिली, मधे पडदा टाकला, तर तो उत्तम काम देतो. त्याची खरी अडचण जागेची आहे. बटण पुढच्या पट्टीवर हवे आणि फिल्टर मागे ॲन्टेनाजवळ हवेत, त्यामुळे एकतर दांडा लांब होतो किंवा तारा लांब होतात. लोक तारा लांब करतात आणि तिथे फसतात. रिलेचा फायदा इथे आहे. सिग्नल जिथे आहे तिथेच राहतो आणि पुढच्या पट्टीपर्यंत फक्त १२ व्होल्टची तार जाते. तीही सिग्नल वाहू शकते, म्हणून रिलेच्या कॉइलपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जमिनीला जोडावा, आणि कॉइल बंद होताना उसळणारे व्होल्टेज जिरवायला उलटा डायोड टाकावा.

संपर्कांच्या ताकदीची फारशी चिंता नको. ५० ओमला दहा वॉट म्हणजे जेमतेम अर्धा ॲम्पियर, तो लहान सिग्नल-रिलेही पेलतो. मात्र शक्ती चालू असताना रिले हलवू नये. संपर्क सुटताना ठिणगी पडते आणि क्षणभर ट्रान्समीटरसमोर काहीच जोडलेले नसते, तेही त्याला सोसत नाही. बँड बदलला पण फिल्टर बदलायचा राहिला, तर काय होते तेही समजून घ्यावे. ७ मेगाहर्ट्झवर बोलताना ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा फिल्टर राहिला तर हार्मोनिक मोकळी सुटतात, संचाला मात्र काही होत नाही. १४ वर बोलताना ७ चा राहिला तर शक्ती बाहेर न जाता परत फिरते आणि पॉवर ट्रान्झिस्टरला भोवते. पहिली चूक शेजाऱ्यांना महाग पडते, दुसरी स्वतःला. दोन्ही टाळायच्या तर फिल्टरला वेगळे बटण ठेवू नये. वारंवारता ठरवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरनेच रिलेही निवडावेत.

इथे एक आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एवढी उठाठेव करण्यापेक्षा दर बँडचा फिल्टर छोट्या बोर्डावर बांधून हवा तेव्हा हाताने खोचला तर? दोनचार बँडवर निवांत काम करणाऱ्याला हा मार्ग नुसता चालणारा नव्हे, अधिक चांगला आहे. खोचलेल्या बोर्डाच्या शेजारी दुसरा फिल्टरच नसतो, म्हणून वळसा घालायला वाटा फार थोड्या उरतात. रिलेचा संच बांधावा तो बँड वारंवार बदलणाऱ्याने. स्पर्धेत भाग घेणारा किंवा आपत्तीच्या वेळी मिळेल त्या बँडवर संपर्क जोडणारा हॅम पेटी उघडत बसू शकत नाही.

६. ऐकण्याच्या बाजूला

रिसीव्हरच्या तोंडाशी लो-पास नव्हे, बँड-पास फिल्टर लागतो: ठरलेला पट्टा आत, खालचे आणि वरचे बाहेर. शहरात मध्यम लहरींचे जबरदस्त ट्रान्समीटर जवळ असतात आणि त्यांचा सिग्नल रिसीव्हरच्या पहिल्याच टप्प्याला गुदमरवू शकतो. असा फिल्टर जुळवायला एक सोपे सूत्र पुरते. मायक्रोहेन्री आणि पिकोफॅरड यांचा गुणाकार २५,३३० भागिले मेगाहर्ट्झचा वर्ग एवढा असावा. ७.१ साठी हे उत्तर सुमारे ५०२ येते. म्हणजे १०० पिकोफॅरडसोबत ५.०२ मायक्रोहेन्री, आणि त्यासाठी टी५०-२ या लाल कड्यावर ३२ वेढे. मात्र त्याच्याकडून अशक्य ते मागू नये. ७.२ च्या पलीकडे प्रसारण केंद्रांचा पट्टा सुरू होतो. ७.१ सोडायचा आणि ७.२५ अडवायचा हे काम कॉइलच्या कुवतीबाहेरचे आहे. ७.२५ आणि ७.३५ ची दोन बलवान केंद्रे रिसीव्हरमध्ये मिसळून ७.१५ वर खोटा सिग्नल उभा करतात तेव्हा फिल्टरपेक्षा साधा अटेन्युएटर, म्हणजे सगळेच थोडे क्षीण करणारे तीन रोधकांचे जाळे, अधिक कामाला येतो.

शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून वेगळे करण्याचे काम क्रिस्टल फिल्टरचे. आवाजाला २.४ किलोहर्ट्झ रुंदी लागते, मोर्सला ५०० हर्ट्झ पुरतात. दहा मेगाहर्ट्झवर २.४ किलोहर्ट्झ रुंदीचा फिल्टर करायचा तर भागांची गुणवत्ता, ज्याला क्यू म्हणतात, ती चार हजारांच्या बरीच वर हवी. हाताने गुंडाळलेल्या चांगल्या कॉइलचा क्यू दोनशेच्या आसपास असतो, क्वार्ट्झ क्रिस्टलचा दहा हजारांच्या पटीत. म्हणून संगणकांसाठी बनलेली स्वस्त क्रिस्टल रांगेत जोडून, मधे जमिनीला कपॅसिटर टाकून, शिडीसारखा दिसणारा फिल्टर करतात. सुपरहेटरोडाइन रिसीव्हरमध्ये सगळे बँड आधी एकाच ठरलेल्या वारंवारतेवर आणले जातात. त्यामुळे इथे बँडागणिक नव्हे, तर कामागणिक रुंदी बदलायची असते.

आणि इथे गळतीचा जुना हिशेब अधिक कडक होतो. क्रिस्टल फिल्टर बहुधा ५० ओमपेक्षा जास्त रोधावर चालतात. २०० ओम धरले तर दहा मेगाहर्ट्झला एक पिकोफॅरडची गळती ३२ डेसिबलवर येऊन थांबते. साठ डेसिबल अडवणारा आठ क्रिस्टलचा फिल्टर अशा स्विचमागे लावणे म्हणजे निम्म्या क्रिस्टलचे पैसे वाया घालवणे. यातून पळवाट मात्र आहे. फिल्टर न बदलता त्याच फिल्टरचे जमिनीला जोडलेले कपॅसिटर बदलायचे. ते वाढवले की रुंदी घटते. सिग्नलची वाट बदलतच नाही, म्हणून बाजूने निसटण्याचा प्रश्न उरत नाही. अमेरिकेतल्या एलेक्राफ्टच्या के२ संचात हेच काम व्होल्टेजने बदलणाऱ्या व्हॅरॅक्टर डायोडने केले होते. किंमत मोजावी लागते ती वेगळीकडे: रुंदी बदलली की फिल्टरला दोन्ही टोकांना हवा असलेला रोधही बदलतो, आणि तो सांभाळला नाही तर सपाट माथा खडबडीत होतो.

ज्याला आधी फक्त हात बसवायचा आहे त्याने ध्वनीच्या फिल्टरपासून सुरुवात करावी. सातशे हर्ट्झला एक पिकोफॅरडचा विरोध बावीस कोटी ओमच्या पुढे जातो, तेव्हा कुठलाही साधा स्विच, कितीही लांब तार चालते. गळती हा वारंवारतेचा खेळ आहे, हे याहून स्वच्छ कुठे दिसत नाही. त्रुटी एवढीच, की रिसीव्हरचे आपोआप आवाज जुळवणारे मंडल या फिल्टरच्या आधी येते. शेजारचा बलवान सिग्नल कानाला ऐकू आला नाही तरी आपला क्षीण सिग्नल दाबून टाकतोच.

७. सॉफ्टवेअरच्या काळात हे कशाला?

आज संगणकात एक रेघ ओढली की हवा तेवढा अरुंद फिल्टर तयार होतो, मग कॉइल का गुंडाळायच्या? क्रिस्टल आणि ध्वनीच्या फिल्टरांबाबत हा आक्षेप बराचसा खरा आहे. सॉफ्टवेअर ते काम स्वस्तात करते, पुष्कळदा सरसही करते. पण सॉफ्टवेअरला मिळतात ते आकडे, आणि सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपला मर्यादा असते. सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रिसीव्हरांपैकी, म्हणजे एसडीआरपैकी, स्वस्त आरटीएल-एसडीआरची चिप आठ बिटांची असते, म्हणजे तिच्याकडे २५६ पायऱ्या. जवळच्या केंद्राचा सिग्नल त्या पायऱ्यांच्या पलीकडे गेला की आकडेच विकृत होतात आणि नसलेले सिग्नल दिसू लागतात. एकदा आकड्यांत शिरलेला खोटा सिग्नल खऱ्यापासून वेगळा करायला सॉफ्टवेअरकडे आधार नसतो. त्यामुळे तोंडाशी बँड-पास फिल्टर आजही लागतो, किंबहुना स्वस्त एसडीआरला जास्तच लागतो. प्रक्षेपणाच्या बाजूला तर वादच नाही. हार्मोनिक पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये जन्मते, आणि तिथून ॲन्टेनापर्यंतच्या वाटेवर तांबे आणि कपॅसिटर यांच्याखेरीज कुणी नसते.

तयार फिल्टरसंच विकत मिळतात, हे दुसरे म्हणणे. जरूर घ्यावेत, पण घेतल्यावरही मोजावेत. वर पाहिल्याप्रमाणे गळती आखणीतून कमी आणि जोडणीतून जास्त येते, आणि जोडणी शेवटी आपल्याच पेटीत होते.

मोजण्याची सोय पूर्वी प्रयोगशाळेतच होती. २०१९ च्या सुमारास हातावर मावणारे नॅनोव्हीएनए हे मोजणीचे यंत्र स्वस्तात मिळू लागले आणि ती अडचण संपली. यंत्राचे एक टोक आवकेला, दुसरे जावकेला लावायचे आणि १ ते ५० मेगाहर्ट्झपर्यंत आलेख काढायचा. पण फिल्टर सुटा ठेवून मोजू नका. सगळे फिल्टर, रिले, पडदे, झाकण जागेवर असताना मोजा. मग एक चाचणी अशी करा, की जिच्यातून फिल्टर आणि गळती वेगवेगळे दिसतील. निवडलेल्या फिल्टरची मधली कॉइल एका बाजूने सोडवा आणि आलेख पुन्हा काढा. आता फिल्टरमधून जायला वाट नाही. जे काही पलीकडे पोचते आहे ते सगळे कडेने जाते आहे. वारंवारतेच्या दर दुपटीला रेघ ६ डेसिबलने वर सरकत असेल तर ती उघड्या संपर्कांची किंवा शेजारी धावणाऱ्या तारांची कपॅसिटरसारखी गळती. झाकण उघडझाक केल्यावर ती हलत असेल तर पडदा कमी पडतो आहे. आणि रेघ झाकणाला दाद न देता एखाद्या ठिकाणी उंचवट्यासारखी वर येत असेल, तर न निवडलेल्या फिल्टरांपैकी एखादा जमिनीला न टेकता लटकत राहिला आहे. त्याचा विश्रांतीचा संपर्क आधी तपासा. २१.३ मेगाहर्ट्झवर ही रेघ उणे पन्नासच्या खाली गेली की कॉइल पुन्हा सोल्डर करा, ॲन्टेनाऐवजी डमी लोड, म्हणजे शक्ती जिरवणारा रोधक, जोडा आणि पूर्ण शक्तीवर हार्मोनिक मोजायला घ्या.